८६७ किलोमीटरवरचा उपग्रह आपणहून लवकर पडत नाही

मेघा-ट्रॉपिक्स हा भारत आणि फ्रान्सचा हवामान उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. वजन साधारण १००० किलो, कक्षा ८६७ किमीवर. मुदत तीन वर्षांची असूनही २०२१पर्यंत त्याने माहिती पाठवली. काम संपल्यावर तसाच सोडला असता, तर तो आणखी शंभराहून जास्त वर्षं वर फिरत राहिला असता.

इतकी वर्षं कशाला लागतात? उपग्रहाला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण ४०० किमीवरही जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असतं. तो पडत नाही तो आडव्या वेगामुळे. हा वेग हळूहळू खाते ती हवा, आणि वर जावं तशी ती झपाट्याने विरळ होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किमीच्या आसपास असतं. ते महिन्याला साधारण दोन किमी खाली येतं, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. भारताचा कार्टोसॅट-२ हा उपग्रह सुमारे ६३० किमीवर होता. तो आपणहून खाली यायला अंदाजे ३० वर्षं लागली असती. तिथून आणखी २३०-२४० किमी वर गेलं की हिशेब शतकात जातो.

उंची हा आकडा कायमचा भरवशाचा नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. सूर्य खवळला की वरचं वातावरण तापून फुगतं आणि त्याच उंचीवर हवा दाट होते. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह २१० किमीच्या जवळ सोडले होते. नेमकं तेव्हाच सूर्यामुळे उठणारं भूचुंबकीय वादळ आलं आणि त्यातले बहुतेक वर चढण्याआधीच जळून गेले.

आता मेघा-ट्रॉपिक्स खाली कसा आणला ते बघू. टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरलं होतं. उपग्रह उतरवायचा म्हणजे नाक खाली करून ढकलायचा नसतो. थ्रस्टर, म्हणजे उपग्रहावरची छोटी इंजिनं, वेग कमी होईल अशा उलट दिशेने चालवायचे. त्याने त्या जागची उंची बदलत नाही, कक्षेची समोरची, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडची बाजू खाली येते. ८६७ किमीवर सेकंदाला फक्त एक मीटर वेग कमी केला, तर समोरची बाजू जवळपास चार किमी उतरते. गोल कक्षेतून ती बाजू ८० किमीवर आणायला सेकंदाला साधारण २१५ मीटर वेग कमी करावा लागतो. मूळ वेग सेकंदाला ७.४ किमी, म्हणजे कपात तीन टक्क्यांच्या आतच.

गंमत अशी की उपग्रह खाली येतो तसा त्याचा वेग वाढतो. ८६७ किमीवर एका फेरीला १०२ मिनिटं, ४०० किमीवर ९२. ग्राउंड स्टेशनवरून जाताना तो कमी वेळ दिसतो, त्यामुळे आज्ञा पाठवायला मिळणारी मिनिटं घटतात. त्यातच हवेचा धक्का त्याचं तोंड फिरवू पाहतो आणि पृष्ठभाग तापतो. हा उपग्रह असल्या उतरणीसाठी बनवलेलाच नव्हता, शिवाय दहा वर्षं जुना. म्हणून ऑगस्ट २०२२पासून टप्प्याटप्प्याने २० वेळा थ्रस्टर चालवून सुमारे १२० किलो इंधन खर्च केलं.

७ मार्च २०२३ रोजी शेवटचे दोन झटके दिले. ११ न्यूटनचे चार थ्रस्टर, प्रत्येक वेळी साधारण २० मिनिटं. चारही मिळून ४४ न्यूटन, म्हणजे हातात साडेचार किलोची पिशवी धरल्यावर जाणवतो तेवढा जोर. तेवढ्याने कक्षेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू ८० किमीच्या खाली आला आणि उपग्रह पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागावर विखुरला.

ते इंधन उरलं नसतं, तर ८६७ किमीवरून त्याला लवकर खाली आणणारं दुसरं काहीच नव्हतं. एवढ्या उंचीवर जाणाऱ्या उपग्रहाचं परतीचं इंधन पहिल्याच दिवशी वेगळं काढून ठेवलं पाहिजे.