तुम्ही विचारलंत म्हणून : ओमानमधलं वीजबिल आणि नाशिकमधला श्रोता

माळा आवरताना आजोबांचा रेडिओ सापडतो. सेल घालून काटा फिरवला तर शॉर्टवेव्हवर, म्हणजे लांबच्या देशांची स्टेशनं लागायची त्या पट्ट्यावर, नुसती खरखर. मग ठरलेला प्रश्न येतो : "पूर्वी लंडन, मॉस्को, पेकिंग असं काहीबाही लागायचं. त्याचे पैसे कोण भरायचं? ऐकणारे होते तरी किती? आणि बंद का झालं?" उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, पण विजेपासून सुरुवात केली तर हिशेब सरळ मांडता येतो.

परदेशात ऐकू जावं म्हणून चालवलेला शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बरेचदा २५० किलोवॉटचा असतो. १०० आणि ५०० किलोवॉटचेही असतात. आकाशवाणीचे बेंगळुरूजवळचे ५०० चे आहेत. अँटेनाला २५० किलोवॉट पोचवायचे तर वीज साधारण ३५० ते ४०० किलोवॉट लागते. मधली सगळी उष्णतेत जाते आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा पंप-पंखे. म्हणजे तासाला ४०० युनिट. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्याला पडतो तसा दर, युनिटला दहा रुपये धरा. तासाला चार हजार रुपये झाले. रोज एक तास, वर्षभर : १४ लाख ६० हजार. एवढ्यात एखाद्या साहेबाची नवी गाडी येते. सरकारच्या लेखी ही रक्कम म्हणजे काहीच नाही.

पैसा जातो तो दुसरीकडे. रोज अर्धा तास एका भाषेत बातम्या द्यायच्या तर भाषांतर, संपादन, वाचन, बातमीदार, रजा-सुट्ट्यांची बदली असं धरून आठ-दहा माणसं तरी हवीत, आणि पगार लंडन-वॉशिंग्टनच्या दरानं. दुसरा खर्च जमिनीचा आणि लोखंडाचा. उंच मनोऱ्यांमध्ये पडद्यासारखी ताणलेली तारांची अँटेना, तिला लागणारी एकरांनी जागा, समुद्रकाठ असेल तर खारा वारा खाऊन गंजलेल्या ताणतारा, आणि ठरावीक हजार तासांनी दम टाकणारे ट्रान्समीटरमधले मोठे व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉन नळ्या). हा खर्च दिवसाला एक तास बोला नाहीतर वीस तास, जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कार्यक्रमाचे तास कापून फारसं वाचत नाही. वाचवायचंच असेल तर केंद्राला टाळं लावावं लागतं. ही स्टेशनं हळूहळू विझत न जाता एखाद्या तारखेला धाडकन बंद झालेली दिसतात, ती यामुळे.

नेदरलँड्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचं बजेट सुमारे ४.६ कोटी युरोवरून १.४ कोटींवर आणलं गेलं आणि २०१२ साली प्रक्षेपण संपलं. कॅनडानंही त्याच वर्षी जूनमध्ये शॉर्टवेव्ह थांबवलं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं ३१ जानेवारी २०१७ ला शॉर्टवेव्ह बंद केलं, देशांतर्गतही आणि पॅसिफिक बेटांसाठीचंही. वाचणार होते वर्षाला १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, तेव्हाच्या दरानं साडेनऊ कोटी रुपये. पुढच्याच वर्षी, सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर चीनचा आंतरराष्ट्रीय रेडिओ ऐकू येतो, अशा बातम्या आल्या. रिकामं घर फार दिवस रिकामं राहत नाही.

आता आवाज पोचतो कसा ते. आकाशवाणी नाशिक १०१.४ वर स्वच्छ लागतं, पण कसारा घाट उतरा, डोंगर आडवा आला की ते गळतं. एफएमची लहर साधारण नजर पोचते तिथवरच जाते. शॉर्टवेव्ह वर जाते, दोन-तीनशे किलोमीटरवरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येते. एका उडीत फार तर साडेतीन-चार हजार किलोमीटर. लंडन नाशिकपासून सात हजार किलोमीटर, म्हणजे किमान दोन उड्या, आणि प्रत्येक उडीत थोडा जीव कमी. त्यावर उपाय म्हणून कार्यक्रम लंडनला बनवायचा आणि प्रक्षेपण जवळून करायचं. बीबीसीचं ओमानमधलं आसीलाचं केंद्र नाशिकपासून दीड हजार किलोमीटरवर आहे, सिंगापूरचं क्रांजी पावणेचार हजारांच्या थोडं पुढे होतं, ते २०२३ मध्ये बंद झालं. अमेरिकेचं कुवेतमधलं केंद्र अठ्ठावीसशेच्या आसपास होतं. एका उडीत काम.

दिवसा आकाशातला खालचा थर कमी फ्रिक्वेन्सी गिळतो, म्हणून दुपारी १९ आणि १६ मीटरचे पट्टे (मीटर म्हणजे लहरीची लांबी; ती कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त), संध्याकाळनंतर ३१, ४१, ४९. जवळचं स्टेशन नेहमी चांगलं लागेल असंही नाही. बेंगळुरूहून परदेशाकडे दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या आसपास सोडलेली लहर नाशिकच्या डोक्यावरून निघून जाते. आपण तिथून जेमतेम नऊशे किलोमीटरवर, म्हणजे उडीच्या आत सापडलेले. आपल्याच आकाशवाणीची विदेश सेवा इथल्यापेक्षा हजारो किलोमीटर दूर स्पष्ट ऐकू येते ती अशी. (ही सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला पुश्तूत सुरू झाली, जर्मन प्रचाराला तोंड द्यायला. मराठीशी त्याचा काही संबंध नाही, पण ही स्टेशनं मनोरंजनासाठी निघत नाहीत हे त्यातून दिसतं.)

मनोरंजनावरून हटकून निघतो तो रेडिओ सिलोन. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी, यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळपास दार लावलं. महायुद्धाच्या गरजेतून कोलंबोजवळ उभ्या राहिलेल्या ताकदवान ट्रान्समीटरवरून तीच गाणी, भारतीय जाहिरातदारांच्या पैशावर, भारतभर वाजली. उत्तर म्हणून ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली. सरकारी मालकीच्या रेडिओनं शेजारच्या देशातून कमाई केल्याचं इतकं सरळ दुसरं उदाहरण मला आठवत नाही. बाकी सगळा खर्चाचाच मामला.

श्रोत्यांच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. "आठवड्याला इतके कोटी" हा आकडा मीटरवर मोजलेला नसतो. देशोदेशी नमुना-पाहणी करतात, प्रौढांना विचारतात की गेल्या आठवड्यात एकदा तरी ऐकलं, पाहिलं किंवा वाचलं का, आणि हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण लोकसंख्येला लावतात. दोन मिनिटं ऐकणारा आणि रोज तासभर ऐकणारा, दोघंही एकच. शिवाय टीव्ही, वेबसाइट, यूट्यूब सगळं त्याच आकड्यात. अमेरिकी सरकारच्या प्रसारण संस्थांनी २०२४ साठी मिळून ४२.७ कोटी सांगितले. खर्च वर्षाला ८५ कोटी डॉलरहून जास्त. भागाकार केला तर माणशी दोन डॉलर, स्वस्तच. पण त्यातला शॉर्टवेव्हचा श्रोता किती, हे त्या भागाकारातून कळत नाही, आणि बंद करायची वेळ आली की नेमका त्याच्यावर घाव बसतो.

बीबीसी हिंदीचं तसंच झालं. २०११ मध्ये कपातीची घोषणा झाली तेव्हा शॉर्टवेव्हचे श्रोते एक कोटीच्या घरात सांगितले जात, बहुतेक खेड्यांतले. ओरड झाली, मुदत मिळाली, शेवटी ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्हवरचं हिंदी थांबलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं हिंदी रेडिओ त्याआधीच, सप्टेंबर २००८ मध्ये संपलं होतं. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं ते वेबसाइट आणि व्हिडिओवर. त्याला ट्रान्समीटर लागलाच नाही.

पैशाचा मालक बदलला की आवाजाचं काय होतं तेही याच काळात दिसलं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटनचं परराष्ट्र खातं उचलत असे. त्या वर्षी तो तिथल्या टीव्ही-लायसन्स भरणाऱ्यांवर गेला, मग २०१६ पासून सरकारी अनुदान पुन्हा जोडलं. २०२५-२६ साठी ते १३.७ कोटी पौंड. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशापाठोपाठ व्हॉइस ऑफ अमेरिकाचे तेराशेहून अधिक कर्मचारी रजेवर पाठवले गेले. १९४२ पासूनचं स्टेशन, एका शनिवारी गप्प.

"आता मोबाइल आहे, रेडिओ कशाला?" याचं उत्तर युक्रेनमधल्या युद्धानं दिलं. मार्च २०२२ मध्ये बीबीसीनं तिकडे रोज चार तास इंग्रजी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू केलं, १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर. मोबाइलचं जाळं ज्या देशात असतं त्या देशाच्या हातात त्याचं बटण असतं. ओमानमधल्या ट्रान्समीटरचं बटण नाशिकमध्ये नाही. माझ्या मते या खर्चाचं खरं मोल एवढंच आहे. मात्र शांततेच्या काळात ते ताळेबंदात दाखवता येत नाही, म्हणून हिशेबनीस त्यावर लाल रेघ मारतो.

आता तुमची खरखर. सगळी स्टेशनं मेलेली नाहीत. चीन, जपान, तुर्कस्तान, रोमानिया अजून लागतात. आधी रेडिओ सेलवर चालवून घरचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे : एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. मेन चालू करून एकेक एमसीबी पाडत शोधा. फक्त दिवसाच येत असेल तर गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरवर संशय घ्या. लोडशेडिंगमध्ये रेडिओ सुंदर लागतो म्हणतात ते अगदी खरं; महावितरणला त्याचं श्रेय कोणी देत नाही.

आवाज कडकड करत असेल आणि बँडचा स्विच हलवल्यावर बदलत असेल तर स्विचचे पॉइंट काळे पडलेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-बारा वेळा मागेपुढे करा. अँटेनासाठी आठ-दहा मीटर प्लास्टिकची तार खिडकीतून झाडाकडे, विजेच्या तारांपासून लांब, आणि टोक रेडिओच्या दांडीला चिमट्यानं. जास्त लांब केलीत तर छोटा सेट गुदमरतो आणि एकच स्टेशन तीन ठिकाणी वाजतं. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा जोडायचा मोह होतो; त्या लोखंडी अँगलवरून जमिनीला टेकलेल्या असतात, काही मिळत नाही. वळवाची वीज कडाडायला लागली की तार काढून ठेवा.

स्टेशन लागलं तर त्यांना कळवा. तारीख, फ्रिक्वेन्सी, रेडिओ आणि तार कोणती, आवाजाची ताकद, अडथळा, आणि वीसेक मिनिटांत काय ऐकलंत ते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा : रात्री नऊ म्हणजे १५:३०. वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा काल लागलेलं स्टेशन सोमवारी गायब झालं तर लगेच रेडिओ उघडून बसू नका. आधी शेजारचे मीटर फिरवून बघा.