गॉझमधले काळे दाणे

लॅबमध्ये तपासणीला आलेला गॉझ उलगडला आणि माझा हात थांबला. पू-रक्ताच्या डागांत काळे ठिपके चिकटले होते, खसखशीपेक्षा मोठे, मोहरीहून बारीक. सुईने एक उचलून दोन स्लाइडमध्ये दाबला, तर फुटेचना. केओएचमध्ये, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, ठेवला तेव्हा कुठे मऊ पडला. मायक्रोस्कोपखाली तपकिरी, सिमेंटसारख्या पदार्थात गुंतलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. मायसेटोमा, त्वचेखाली मुरत जाणारा आजार. बोलीभाषेत मदुरा फूट.

पेशंट सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातला, शेळ्या राखणारा. सहा वर्षांपूर्वी टाचेजवळ बाभळीचा काटा मोडला होता. आधी गाठ आली, मग पाय सुजला, मग एकेक तोंड पडत गेलं. फारसं दुखत नव्हतं, म्हणून तो चालत राहिला. हा आजार असाच फसवतो.

रजिस्टरमध्ये त्याचं नाव टाकायला गेले आणि मला घाम फुटला. दोन महिन्यांपूर्वी त्याचाच स्वॅब आमच्याकडे आला होता. खाली सही माझी: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. खोटं नव्हतं ते. उघड्या जखमेत हा जंतू सापडतोच. पण स्वॅब पू टिपतो, दाणा मागे राहतो. फॉर्मवर ‘पायाला जखम’ एवढंच लिहिलेलं. वॉर्डात फोन करून ‘दाणे पडतात का?’ विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. या खेपेला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी रात्रभर गॉझ बांधायला लावून तो तसाच पाठवला, म्हणून सापडलं.

दाणे पांढरे-पिवळे असते तर नोकार्डिया, ॲक्टिनोमॅड्युरा यांसारख्या बॅक्टेरियांचाही संशय धरावा लागला असता, आणि त्यांची औषधं पूर्ण वेगळी. काळा दाणा म्हणजे बुरशी. पण कोणती? मॅड्युरेला मायसेटोमॅटिस नेहमीची. तिचीच बहीण मॅड्युरेला फाहालाय इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला सहसा दाद देत नाही. म्हणजे नाव चुकलं तर महिनोन्‌महिने गोळ्या वाया.

दाणे सलाइनमध्ये पाच-सहा वेळा धुतले, ठेचले आणि बुरशी वाढवायच्या सॅबूरो अगारवर लावले. त्यात सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन घालणं मुद्दाम टाळलं, त्याने काही बुरश्या दबतात. रोज सकाळी आल्याआल्या आधी इन्क्युबेटर उघडायचे. दुसऱ्या आठवड्यात चामड्यासारखी, घड्या पडलेली कॉलनी दिसू लागली आणि तिच्याभोवतीच्या अगारात कोऱ्या चहासारखा रंग उतरला. मॅड्युरेलाची खूणच ती. पण स्पोअर, म्हणजे बीजाणू, एकही नाही, आणि नुसत्या तंतूंवरून जात कशी सांगायची? शेवटी डीएनएचा आयटीएस भाग, ज्यावरून बुरशीची जात ओळखतात, वाचून घ्यायला कल्चर बाहेर पाठवलं. उत्तर आलं: मॅड्युरेला मायसेटोमॅटिस.

मुंबईत हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास हा बुरशीचा आजार आहे असं मांडून त्याला मायसेटोमा हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपेक्षित आजारांच्या यादीत तो आला २०१६ साली. मधल्या दीडशे वर्षांत किती पाय गेले असतील, हे त्या दिवशी सारखं मनात येत होतं.

रिपोर्ट न्यायला तो स्वतः आला. आधीच्या स्वॅबचं मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ पायाकडे बघत राहिला.

“दाणे तर तवाबी पडत होते, ताई. मला वाटायचं माती हाय. दवाखान्यात यायचं म्हणून पाय घासून धुऊन यायचो.”