रानासारखी, पण घरात बोलावणारी बाग

घरापुढे हिरवळ होती, कडेने ओळीत लावलेली झुडपं आणि मधून जेमतेम दोन फुटांची फरशीची वाट. सगळं टापटीप, पण आलेला माणूस मान खाली घालून थेट बेल दाबायचा. मला तिथे रानासारखी बाग हवी होती. घरच्यांची शंका एकच, आणि ती रास्त होती: रान माजलं तर येणाऱ्याला वाटेल, घर बंद आहे!

ही शंका मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवली. जोन नासावर या अमेरिकी भूदृश्यरचनेच्या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. नैसर्गिक जागा लोकांना अस्ताव्यस्त वाटते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष आहे असं दिसत नाही. कडा रेखीव ठेवल्या, निगा राखल्याच्या खुणा दिसल्या, की आतला गुंता चालून जातो. म्हणून झाडांच्या याद्या मी बाजूला सारल्या आणि आधी कडांचा विचार केला.

पहिली कड वाटेची. पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून तो हवा तसा वळवला आणि त्यावरून घरातल्या सगळ्यांना ये-जा करायला लावलं. दोन माणसांना बोलत बरोबरीने चालायचं तर चार फूट रुंदी लागतेच. दारापाशी वाट आणखी पसरट केली. मधे हलकं वळण दिलं, पण दार फाटकातूनच दिसलं पाहिजे हा हट्ट सोडला नाही. वळणाला कारणही लागतं. आतल्या बाजूला काही आडवं नसेल तर लोक सरळ कापून जातात आणि थोड्याच दिवसांत वाफ्यातून नवी वाट पडते. तिथे एक मोठा दगड अर्धा पुरून टाकला. त्याच्यावर लोक पिशव्या टेकवतात, हे मात्र आराखड्यात नव्हतं. उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर दहा फुटांना साधारण अडीच इंच, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही.

मातीची परीक्षा सोपी होती. फूटभर खोल खड्डा खणला, एकदा पाणी भरून जिरू दिलं, पुन्हा भरलं आणि पातळी किती उतरते ते मोजलं. तासाला इंचभर उतरली तर निचरा बरा समजायचा. भिंतीलगत ती फारच हळू उतरत होती, म्हणून तिथे ओल सोसणारी कर्दळ आली.

हिरवळ काढणं हे खरं कष्टाचं काम. ओला पुठ्ठा अंथरून वर पालापाचोळ्याचा जाड थर दिला की उजेडावाचून बहुतेक गवत मरतं. हरळी मात्र पुठ्ठ्याला दाद देत नाही. तिचे जमिनीखालचे धुमारे पांढरे, टोकदार आणि पेरापेराला फुटणारे. एक पेर मागे राहिलं तरी पुन्हा हजर. ती खुरप्यानेच निघते, गुडघे टेकून.

लागवडीत पीट औडोल्फ यांची पद्धत डोळ्यांपुढे होती. न्यूयॉर्कच्या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरच्या 'हाय लाइन' बागेची लागवड या डच रचनाकाराची. तिचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. फूल गेल्यावर झाड कसं दिसतं, याला ते फुलाइतकंच महत्त्व देतात. एकेक नमुना आणून लावला की बाग होत नाही, रोपवाटिका होते. म्हणून मी मोजकीच झाडं घेतली आणि तीच पुन्हा पुन्हा, लहानमोठ्या घोळक्यांनी लावली: वाळ्याचे ठोंब सगळीकडे विखुरलेले, त्यांच्यामधून सदाफुली, सावलीत अबोली, वाटेच्या काठाला पावसाळी लिलीची सलग पट्टी. काठाला गुडघ्याच्या वर काही नाही आणि भिंतीजवळचंही काही खिडकीच्या कठड्यापलीकडे जाणार नाही, हा नियम. रोपं फूटभर अंतरावर, म्हणजे पानं लवकर एकमेकांना भिडतात आणि तणाला ऊन मिळत नाही.

कुंपणाच्या कोपऱ्यात, वाटेपासून लांब, रुई लावली. तिचा चीक डोळ्यांना घातक असतो. सुरुवातीला पिवळा मावा आला तेव्हा फवारणी करा असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण रुई लावलीच होती फुलपाखरांसाठी. पुढे पानाखाली काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली: प्लेन टायगर फुलपाखराची. पानं कुरतडलेली दिसतात, दिसू देत. आता पाहुणे बेल वाजवण्याआधी त्या कोपऱ्यापाशी वाकून बघतात, त्यांच्यापेक्षा त्यांची मुलं जास्त वेळ.

निगा कमी लागते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; निगा वेगळी लागते. वाळलेले तुरे मी लगेच कापत नाही, पण वाटेवर लवलेली पात त्याच दिवशी छाटतो आणि दगडी कड खुरप्याने मोकळी ठेवतो. वाळ्याचे ठोंब आता दाट झालेत. ते फोडून निघालेले फुटवे फाटकालगतच्या उघड्या पट्टीत लावायचे आहेत. तिथे ऊन जास्त आणि माती भुसभुशीत, वाळा चांगला धरेल.