संहिता आपली, सेट आपला : आमच्या नाट्यसंस्थेची वाटचाल

जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नटांच्या यादीतही एकच नाव दिसलं की लोक विचारतात, 'सगळं तुम्हीच करता?' मराठी रंगभूमीला हे नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात शाकुंतल रंगमंचावर आणलं तेव्हा पदं त्यांची, तालमी त्यांच्या, आणि मंडळीही त्यांच्याच नावाने ओळखली गेली. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. आम्ही त्यांचीच रीत धरली, आणि ती धरली म्हणूनच आज संस्था उभी आहे.

मी भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत उभा राहिलो, मग राज्य नाट्य स्पर्धा, मग व्यावसायिक संचात चार वाक्यांच्या भूमिका. तिथे बॅकस्टेजही केलं. ते केलेलं असलं की प्रयोगाचा पैसा कुठून गळतो ते दिसतं. माझ्या संहिता निर्मात्यांच्या कपाटात पडून राहिल्या. 'छान आहे, बघू' हे उत्तर ऐकून ऐकून एक दिवस त्या परत घेतल्या आणि १९९६ साली संस्था नोंदवली.

पहिलं काम केलं ते सेटचं. त्या काळी सेट म्हटला की मोठा टेम्पो, लावायला पाच तास आणि उतरवताना आरडाओरडा. आमच्या सुतारकाकांनी चार फूट रुंद, दहा फूट उंच अशा चौकटी केल्या, आणि सगळीकडे सुट्या पिनेच्या बिजागऱ्या लावल्या. पिन ओढली की चौकट वेगळी. प्रत्येक चौकटीच्या मागे रंगाने आकडा, लेव्हलचे, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यांचे, पाय दुमडणारे, चौकटींना मागून टेकू देणाऱ्या ब्रेसची वजनं वेगळ्या पेटीत. खिळा एकही नाही, आणि सगळं एका टेम्पोत. दोन प्रयोग एका दिवशी, दोन गावांत असले तरी सेट दीड तासात उभा राहायचा. पिनांसाठी काकांनी कातडी पिशवी शिवून घेतली होती, ती आजही आहे. संगीताचंही तसंच. एका कॅसेटवर एकच क्यू, म्हणजे एका जागी वाजवायचा एकच तुकडा, प्रत्येक कॅसेट जागेवर आणून ठेवलेली, दोन डेक आलटूनपालटून. आता लॅपटॉपवर बटण दाबायचं असतं, पण क्यूची यादी मी अजून हातानेच लिहून ऑपरेटरला देतो. नव्या निर्मात्यांनीही तसंच करावं. लॅपटॉप अडला तर कागद वाचता येतो.

आता २००३ ची गोष्ट. आमचं दुसरं नाटक जोरात होतं. वाडा विकायला निघालेली मुलं आणि सही न देणारे वडील असा विषय. गडकरी रंगायतन, शिवाजी मंदिर, बालगंधर्व, सगळीकडे रविवार भरत होते. दिवाळीच्या तारखा हातात होत्या, जाहिराती गेल्या होत्या, विदर्भ दौऱ्याचा अ‍ॅडव्हान्स घेतलेला होता. अशा वेळी वडिलांचं काम करणारा नट दुसऱ्या एका संस्थेने उचलला. नाव घेत नाही. मालिकेच्या शूटिंगमधून तो महिन्याला जेमतेम काही तारखा देऊ शकत होता, त्या सगळ्या त्यांनी घेतल्या. इथवर धंदा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या व्यवस्थापकाने आमचे प्रयोग विकत घेणाऱ्या एकेका ठेकेदाराला फोन करून 'त्यांचा संच मोडला' असं सांगितलं, आणि वर आमच्याच तारखांना स्वतःचं नाटक कमी दरात देऊ केलं. हे मी विसरलेलो नाही. ठेकेदार अ‍ॅडव्हान्स परत मागायला लागले, बसवाला मागचं बिल घेऊन दारात, जाहिरातीची उधारी वेगळीच. पुढच्या तारखा सोडून द्या, असा सल्ला मला हितचिंतकांनीच दिला.

दुसरा नट घेऊन तालीम करायचा मार्ग होता. पण त्या कामाला प्रेक्षक ज्या चेहऱ्याने ओळखत होते त्याची नक्कल बघायला कोणी आलं नसतं. मी संहिता उघडली आणि वडिलांचं पात्र काढून आत्या आणली. वडिलांनी सही नाकारली तर तो हट्ट. पण आजोबांनी स्वतः कमावलेल्या, मृत्युपत्राशिवाय मागे राहिलेल्या घरात १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो. जिला त्या घरात चहा करण्यापलीकडे कधी काही विचारलं नाही, तिच्या सहीवाचून आता सगळ्यांचं अडलेलं. भाच्यांची वाक्यं बदलली, दुसरा अंक पुरता बदलला, शेवटही. शेजारीणबाईचं छोटं काम करणाऱ्या आमच्या अभिनेत्रीने आत्या उभी केली, आणि तिने पहिल्याच तालमीत खुर्चीच्या कडेवर बसून वाक्यं म्हटली तेव्हा मला कळलं की हेच खरं नाटक आहे. बदललेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पुन्हा दिली. जुन्या प्रमाणपत्रावर नवी संहिता करायची नाही, हे मी आजच्या मुलांना सांगत असतो. कोणीतरी तक्रार करतंच.

तरी प्रयोग घेणार कोण? इथे गुरुजी आले. एका तालुक्याच्या गावातल्या नाट्यरसिक मंडळाचे सचिव, निवृत्त शिक्षक. आमच्या पहिल्या नाटकापासून ते दरवर्षी सभासदांसाठी आमचा प्रयोग घेत. तारखेच्या आधी त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि त्यावर रंगमंचाची रुंदी, खोली, झालरीपर्यंतची उंची, थ्री फेज कुठे आहे, विंगेत खांब किती, हे सगळं आखून. त्या कार्डावरून आम्ही सेट कापूनच न्यायचो. दुसऱ्या संस्थेचा फोन त्यांनाही गेला होता. त्यांनी त्या व्यवस्थापकाला एकच सांगितलं, 'मी नाटक बुक केलंय, नट नाही.' मग मला फोन करून म्हणाले, 'उरलेली रक्कम आजच पाठवतोय, तुम्ही तालीम करा.' वर आसपासच्या मंडळांच्या सचिवांनाही त्यांनी स्वतः कळवलं. त्या गावातल्या प्रयोगाला आत्याच्या सहीच्या प्रसंगात बायकांच्या बाजूने टाळी पडली, ती थांबेना. त्या दौऱ्याने बसवाल्याचं बिल फिटलं आणि हळूहळू मुंबईच्या तारखाही परत मिळाल्या. पुढे त्या नटाने निरोप पाठवला होता. आम्ही वडिलांचं पात्र परत आणलं नाही.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. नाटकं आली, चालली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद झाल्या आणि खिडकीवरची विक्री एका दिवसात बसली. पण फोनवर बुकिंग घेऊन पैसे नंतर घ्यायचं आम्ही ठरवलं, आणि प्रेक्षकांनी एक रुपयाही बुडवला नाही. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली. अधूनमधून उघडली, पुन्हा बंद पडली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली. एक सोडून एक खुर्ची रिकामी ठेवून नाटक करणं नटाला किती जड जातं ते करणाऱ्यालाच माहीत. बॅकस्टेजच्या मुलांना मी त्या काळातही जमेल तेवढं पाकीट पोचवलं. आज ती सगळी मुलं आमच्याकडेच आहेत.

त्या दुसऱ्या संस्थेच्या मालकांनी अलीकडे एका मुलाखतीत 'एका टेम्पोत मावणारा सेट आम्ही पहिल्यांदा केला' असं सांगितलं. आमच्या सुतारकाकांना जाऊन काही वर्षं झाली, ते उत्तर द्यायला नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे. तो सेट सुतारकाकांचा होता. आकडे काकांच्या हातचे आहेत, चौकटींच्या मागे अजून वाचता येतात.

नव्याने संस्था काढणाऱ्यांना एवढंच सांगेन की नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, त्याच रात्री द्या, उद्यावर टाकू नका. जाहिरातीत नटाचा फोटो नाटकाच्या नावापेक्षा मोठा छापू नका. तारखांचं लेखी घ्या, मैत्री असली तरी. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, म्हणून दर ठरवताना त्या रेषेचा विचार आधी करा. आणि लिहिता येत असेल तर दुसऱ्याच्या संहितेची वाट बघू नका.

आत्याचं नाटक आम्ही नव्या संचात पुन्हा काढलं आहे. भाच्याचं काम करणारा मुलगा यंदा पहिल्यांदाच व्यावसायिक रंगमंचावर येतोय, आत्या मात्र त्याच बाई करताहेत. मंडळांनी तारखेसाठी थेट माझ्याशी बोलावं. रंगमंचाची मापं आणि विजेची जोडणी आधी कळवलीत तर सेट तुमच्या जागेप्रमाणे करून आणू.