को-ओमोते अपडेट: पापणीखालची सावली सापडली एकदाची

मंडळी, जपानी नो नाटकातला तरुण मुलीचा लाकडी मुखवटा, म्हणजे को-ओमोते, कोरतोय, त्याचं मागचं रडगाणं आठवतंय ना? कातागामी, म्हणजे आकार तपासायचे कागदी साचे, सगळीकडे चपखल बसतायत, कपाळ, गाल, हनुवटी, कुठेही फट नाही, आणि तरी मुखवटा खाली कलवला की पोरगी उदास व्हायच्या ऐवजी नुसती पेंगुळलेली दिसते. काल रात्री कोडं सुटलं. म्हणजे बरंचसं.

घोळ गोफुनचा, म्हणजे मुखवट्यावरच्या पांढऱ्या लेपाचा. लाकडात वरच्या पापणीची कड मस्त धारदार होती, पण शिंपल्याची पूड निकावात, म्हणजे सरसात, कालवून थरावर थर चढवत गेलं की कड गोल होते आणि खालची खाच भरून येते. आता तेरासु-कुमोरासुचा, म्हणजे मुखवटा वर-खाली कलवून भाव बदलण्याचा, अर्धा खेळ त्या खाचेतल्या सावलीवर, तिलाच जागा नाही तर चेहरा बदलणार कसा? ट्यूबलाइटखाली काही कळतच नव्हतं. शेवटी खोलीत अंधार करून टेबल लॅम्प वरून तिरका लावला, मुखवटा हळूहळू कलवत बसलो, तेव्हा दिसलं की डावा डोळा काम करतोय आणि उजवा मख्ख. गोफुन त्याच कोपऱ्यात साठला होता. ओलसर कापसाने थर मऊ करून बांबूच्या काडीने खरवडला, मग पुन्हा पातळ हात, निकावा आधीपेक्षा कमी, नाहीतर वरचा थर खालच्याला ओढून उचकटतो.

वर्गात परदेशी मी एकटाच, म्हणून सेन्सेई मला सगळं दोनदा सांगतात, नेमकं हेच एकदाही नाही! फोटो पाठवला तर नुसता अंगठा आला.

बाकी, निकावा दाणेदारच घ्या, काड्या भिजवत बसण्यात अर्थ नाही, फक्त उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झालाय, उरलेला फ्रिजमध्ये ठेवतोय आणि त्यावरून घरात रोज बोलणी खातोय. महागड्या छिन्नीसेटच्या नादी लागू नका, हिनोकी (जपानी सायप्रस) मऊ असते, बोथट हत्यार तिला कापत नाही, चेपतं, त्यापेक्षा एक कोगाताना, म्हणजे कोरायची छोटी सुरी, घ्या आणि धारेवर वेळ घालवा. आणि ऑनलाइन घेतलेल्या त्या ठोकळ्यातून राळ पाझरून कपाळावर पिवळा डाग आलाय, दुकानाचं नाव घेत नाही, पण पुढचा ठोकळा हातात घेऊन बघूनच.

केगाकी, म्हणजे केस रंगवणं, मात्र एक नंबर झालीय! भांगापासून गालापर्यंत तिन्ही बटा एकमेकींना न भिडता उतरल्या, स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आता पुढे हान्न्या, म्हणजे ती शिंगवाली मत्सरी बाई, घेणार होतो, पण लिहितालिहिता वाटतंय की तिचे डोळे धातूचे, तिथे या पापणीच्या भानगडीचा सराव काय होणार? त्यापेक्षा उरलेल्या तुकड्यांवर नुसते डोळेच कोरतो, एकात खाच अर्धा मिलिमीटर जास्त खोल, एकात त्याहून जास्त, सगळ्यांवर सारखाच गोफुन, आणि जो जमेल त्या मापाने झो-ओन्ना, म्हणजे दुसरा एक स्त्री-मुखवटा. टोकियोत निहोनबाशीच्या मित्सुई म्युझियममध्ये जुना सत्ताधीश हिदेयोशीच्या तीन को-ओमोतेंपैकी 'हाना' पुन्हा मांडली की काचेसमोर उठबशा काढून तिच्या पापण्याच बघणार आहे, गार्ड काय म्हणायचं ते म्हणो. कोणी गोफुनआधी खाच किती खोल ठेवता ते मापासकट सांगा, मी तुकडे कापायला घेतलेत.