सेसना १७२ कॉकपिट: डावं पेडल, तीन आठवडे आणि पेटीचा सूर

पडला! काल रात्री पावणेबाराला, गॅलरीत बांधलेल्या माझ्या सिम्युलेटर कॉकपिटमध्ये, बेसवरून (धावपट्टीला आडवा टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना, साडेचारशे फुटांवर डावा पंख धाडकन खाली गेला आणि तिन्ही स्क्रीनवर जमीन उलटी झाली. सीटवर बसलेली माझी भाची ओरडली, मी टाळ्या वाजवल्या, आणि आतून बायकोचा आवाज आला, "अहो, खालचे झोपलेत!" तीन आठवडे ह्या एका पंखापायी अडलो होतो, त्यामुळे आजची नोंद लांबणार आहे.

अपघात-वही तुम्हाला आठवत असेलच. एएआयबीचे (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) अन्वेषण अहवाल वाचून शिकाऊ विमानांच्या अपघातांची जी कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांना मी एकेक पान दिलंय: फायनलच्या वळणावरचा स्टॉल (पंखाची उचल अचानक संपणं), उसळलेलं लँडिंग, कार्बोरेटरमधला बर्फ, इंधनाच्या चुका आणि गो-अराउंडमधली (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्यातली) गडबड. यातलं प्रत्येक पान वर्तकनगरच्या आमच्या गॅलरीत जसंच्या तसं घडवता आलं पाहिजे, हे कॉकपिट बांधायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं. पहिल्याच पानावर गाडी अडली.

पान एक म्हणजे स्किडिंग वळण. बेसवर वारा मागून येतो, विमान अंदाजापेक्षा लवकर पुढे सरकतं आणि धावपट्टीची रेघ ओलांडून जातं. जमीन जवळ असल्यामुळे आणखी बँक (कल) द्यायला हात धजावत नाही. मग पाय मदतीला धावतो. डावं वळण असेल तर डावं रडर (शेपटीची उभी पट्टी, पेडलने फिरते) दाबून नाक धावपट्टीकडे ओढलं जातं. रडरमुळे बँक वाढायला लागते, म्हणून हात योक (विमानाचं हँडल) उजवीकडे धरतो. नाक खाली जातं, म्हणून योक पोटाकडे येतो. आतला डावा पंख आधीच मंद असतो, त्यात त्याचं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) खाली आलेलं, म्हणजे तिथला अँगल ऑफ अटॅक (समोरच्या हवेशी पंखाचा कोन) आणखी वाढलेला. तो पंख आधी स्टॉल होतो आणि विमान वळणाच्या आतल्या बाजूला पलटी घेतं. हेच वळण स्लिपमध्ये (कल जास्त, पाय कमी) असतं तर वरचा पंख आधी स्टॉल होऊन विमान बरंचसं सरळ व्हायला बघतं. म्हणून स्लिप त्या मानाने माफ करते, स्किड करत नाही.

आकडे बघा. १७२एसचा फ्लॅप (उतरताना खाली करायची पंखामागची पट्टी) वर असतानाचा स्टॉल ४८ नॉटला. ४५ अंश बँकमध्ये उंची राखायची तर तोच ५७ वर जातो, ६० अंशांत ६८ च्या आसपास. ६५ नॉटवर ॲप्रोच करणाऱ्याच्या हातात उरतं किती? आणि सेसनाचं मॅन्युअल सांगतं की स्पिनची (स्टॉल होऊन गिरक्या घेत पडण्याची) एक फेरी आणि त्यातून सावरणं यात सुमारे १००० फूट जातात. फायनलचं वळण ५०० फुटांच्या आसपास असतं.

आता माझ्याकडे काय होत होतं ते सांगतो. बेसवर मागून १२ नॉट वारा, एकटा वैमानिक, फ्लॅप आधी १० मग २०. मी मुद्दाम उशिरा वळायचो, पाय लावायचो, योक ओढायचो. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजायचा, नाक निवांत मान टाकायचं, आणि योक सैल सोडला की विमान पुन्हा शहाण्यासारखं उडायला लागायचं. वहीत एक्केचाळीस प्रयत्नांच्या नोंदी आहेत आणि एकातही पंख पडलेला नाही. मी एक्स-प्लेन ह्या सिम्युलेटर सॉफ्टवेअरच्या फ्लाइट मॉडेलला बोल लावला. सीजी (गुरुत्वमध्य) मागे नेला, वजन बदललं, दुसऱ्याने बनवलेलं १७२ उतरवून पाहिलं. दोन आठवडे त्यातच गेले.

उलगडा भाचीमुळे झाला. ती सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करतेय, उड्डाणाचे बासष्ट तास झालेत, दोनशे गाठायचेत. पावसामुळे क्लबमध्ये उड्डाणं रखडली, म्हणून आठ दिवस ठाण्याला आलीय. तिला म्हटलं, तू नेहमी उडवतेस तसा सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मार, मी बाजूच्या लॅपटॉपवर पेडलचे कच्चे आकडे बघतो. तिला वाऱ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. ती रेघेच्या पुढे गेली, बँक तीस अंशांवर थांबवली, आणि लॅपटॉपवर डावं पेडल मधल्या ५१२ वरून ४४५ ला आलं. तिथेच राहिलं, सहा-सात सेकंद.

"पाय का लावलास?" मी विचारलं.

"कुठे? पाय नुसते ठेवलेत मामा."

तिला खरंच कळलं नव्हतं. ५१२ पैकी ६७ पायऱ्या, म्हणजे जेमतेम तेरा टक्के. आणि सिममध्ये रडर शून्य! तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुलैच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात गॅलरीतल्या दमटपणाने पेडलचा पॉट (पेडलची जागा मोजणारा फिरता रेझिस्टर) नाचायला लागला होता, रडर आपोआप थरथरायचं. तेव्हा मी डेडझोन (मधला पट्टा, जिथे पेडल हललं तरी सिम दुर्लक्ष करतं) पंधरा टक्के केला, सोळा वाचनांची सरासरी लावली, वर कर्व्हही मऊ केला (पाय दाबला तरी सिमला कमीच पोचावं असा), आणि ते विसरून गेलो. माणूस नकळत जेवढा पाय लावतो तेवढाच नेमका माझा डेडझोन गिळत होता. मी स्वतः मुद्दाम जोरात दाबायचो तेव्हाही कर्व्हमुळे अर्धंच पोचायचं आणि सरासरीमुळे उशिरा.

म्हणजे पॉट बदलणं आलं. दहा किलोओमचे जे स्वस्त पॉट ऑनलाइन मिळतात ते पेडलला लावू नका, कळकळीने सांगतो. दहा मागवले, मीटरवर तपासले तर तीन जण साडेआठच्याही खाली. योकला चालून जातात, कारण योक आपण सतत हलवत असतो. पेडल मधल्या एकाच जागी तासन्‌तास असतं, तिथेच ट्रॅक झिजतो आणि तिथेच ओल धरतो.

त्यापेक्षा एएस५६०० घ्या. चुंबकाचा कोन वाचणारी चिप, ४०९६ पायऱ्या, कुठेही घासणं नाही. लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. फक्त चुंबक नीट बघून घ्या. माझे चार दिवस तिथे गेले. मला मिळालेला गोल चुंबक सपाट तोंडांवर उत्तर-दक्षिण असलेला होता, तो फिरवला तरी आकडा जागचा हलेना. ह्या चिपला व्यासावर उत्तर-दक्षिण विभागलेला, म्हणजे डायमेट्रिकल चुंबक लागतो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. दुसरा लहान चुंबक कडेवर फिरवून पाहायचा. अर्ध्या परिघाला ओढला आणि अर्ध्याला ढकलला तर तो आपला.

चुंबकाची टोपी वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या काकांकडून ॲल्युमिनियमची करून घेतली. चित्र बघून त्यांनी विचारलं, "गॅप किती ठेवू?" चिपला अर्धा ते तीन मिलिमीटर चालतो, मी दीड म्हटलं. त्यांनी दीडच दिला. कॅलिपर लावला तेव्हा मला भरून आलं, कारण आधीची टोपी मी स्वतः ड्रिलने केली होती आणि ती डुगडुगायची. आता डेडझोन एक टक्का, सरासरी दोनच वाचनांची, कर्व्ह सरळ रेष.

आणि मग काल रात्र. तोच वारा, तीच भाची. रेघ ओलांडली, पाय गेला, ह्या वेळी नाक खरंच वळलं. चेंडू (वळणातली घसरण दाखवणारा, पॅनेलवरच्या नळीतला) उजवीकडे अर्धा बाहेर सरकला. बँक वाढायला लागली तसा तिचा हात उजवीकडे गेला, मग योक हळूहळू पोटाशी. हॉर्नपासून पंख पडेपर्यंत दोन सेकंदही नसतील. तिने पॉवर काढली, एलरॉन सरळ केलं, उजवं रडर दिलं, योक पुढे टाकला. क्रम अगदी बरोबर होता, पण उंची पुरली नाही.

ओरडून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. दोन्ही पाय उचलून जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "मामा, मी सरांबरोबर असंच वळलेय. ते 'चेंडू बघ, चेंडू बघ' करत होते आणि मला वाटत होतं, चेंडूचं काय एवढं." त्यानंतर आम्ही रात्री दीडपर्यंत तेच वळण घेत बसलो. रेघ ओलांडली की पॉवर, नाक वर, गो-अराउंड. चौदा वेळा केलं. सावरणं मी तिला शिकवत नाही, ते तिच्या इन्स्ट्रक्टरचं काम. सिममध्ये पोटात गोळा येत नाही, तेव्हा सिमवर भरवसा ठेवून कुणी तसलं काही करू नये.

आता हॉर्न. हा ह्या महिन्याचा माझा खरा आनंद. १७२ चा स्टॉल हॉर्न विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. स्टॉल जवळ आला की तिथे हवेचा दाब घटतो, आतून हवा ओढली जाते आणि नळीतली पातळ जीभ वाजते. मी आतापर्यंत पिझो बझर लावला होता आणि तो कानाला खोटा वाटायचा. गेल्या रविवारी नौपाड्यात पेटी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून पितळेचा जुना सूर (पेटीत वाजणारी स्वरपट्टी) घेतला आणि प्लायवुडच्या डबीवर बसवला. डबीला मत्स्यटाकीचा पंप उलटा जोडला, म्हणजे तो हवा ओढतो. आधी सूर डबीच्या आत बसवला होता, अक्षर फुटेना. पेटीत सुराची पट्टी दाबाच्या बाजूला असते, म्हणून ती भात्याच्या हवेवर वाजते. इथे दाब बाहेरचा, ओढ आतून, म्हणून पट्टी बाहेर हवी. उलटी केली आणि तो रडका, लांब, वर चढत जाणारा आवाज आला. भाची आतल्या खोलीतून धावत आली, "हाच! हाच आवाज!" पंपाचा वेग आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) अँगल ऑफ अटॅकप्रमाणे वाढवायचा कोड निम्मा झालाय.

टो ब्रेकचं (पेडलचं टोक दाबून लागणारे ब्रेक) ठरलं होतं तसं होणार नाही. दोन्ही पेडलना एएस५६०० लावायचे तर चिपचा पत्ता ठरलेला, एका बसवर (सामायिक तारांवर) दोन बसत नाहीत, मल्टिप्लेक्सर (आळीपाळीने एकेक चिप जोडणारा) लागेल. हे लिहिता लिहिता आठवलं की त्या चिपला ॲनालॉग आउटची पिन आहे. तीच सरळ प्रो मायक्रो बोर्डाच्या ॲनालॉग पिनवर घेतली तर मल्टिप्लेक्सरची भानगडच नको. ब्रेकला १०२४ पायऱ्या पुरतात. ठरलं, मल्टिप्लेक्सरची ऑर्डर रद्द.

उसळलेल्या लँडिंगचं पान तसं सोपं निघालं. उसळल्यावर योक पुढे ढकलला की पुढचं चाक आधी टेकतं आणि दुसरी उसळी मोठी येते. सिमला पुढचा स्ट्रट (चाकाचा दांडा) मोडलेला दाखवता येतो, फायरवॉल (इंजिनामागची भिंत) वाकलेली नाही. इंधनाची चूक घडवायला टाकी निवडायचा सिलेक्टर लागेल, तो अजून लाकडाचाच ठोकळा आहे.

खरं तर यानंतर गो-अराउंड घेणार होतो, पण बर्फ आधी घेतो. १७२एसला इंधनाचं इंजेक्शन आहे, तिथे कार्बोरेटरच नाही, म्हणून पॅनेल सेसना १५२ चं करावं लागेल. भाचीच्या क्लबात १५२ आहेतच. आपल्याकडे बर्फ कसला, असं वाटतं. पण कार्बोरेटरच्या गळ्यात तापमान तिसेक अंशांनी घसरू शकतं, आणि आजची ठाण्याची सकाळ सत्तावीस अंश आणि प्रचंड दमट. अशा हवेत पॉवर कमी करून उतरताना बर्फ धरतो. मला घडवायचाय तो त्यातला एकच क्षण: कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढली की आरपीएम आणखी पडतात, इंजिन वितळलेलं पाणी गिळताना खडखडतं, आणि शिकाऊ वैमानिक घाबरून नॉब परत आत ढकलतो. ते खडखडणं सीटमध्ये जाणवायला हवं. त्यासाठी जुन्या मिक्सरची मोटर शोधतोय. कुणाकडे ५०० वॉटच्या आतली चालू मोटर पडली असेल तर कळवा, भाची रविवारी परत जातेय, त्याआधी एकदा तिला बसवायचंय.