गीत : पारंपरिक

गेल्या महिन्यात आबांची लेक स्टुडिओत आली. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दादा, आबांचं गाणं मी चोरलंय म्हणतायत."

आबा गोंधळी. मिरजेच्या आसपासच्या गावांत लग्नानंतरचा गोंधळ म्हटलं की दोन पिढ्यांनी त्यांनाच सुपारी दिली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. लेकीनं त्यांच्या नावानं यूट्यूबवर चॅनेल काढलं, आम्ही केलेल्या सीडीतली आठ कवनं चढवली, आणि दोन तासांत त्यातल्या दोन कवनांवर एका संगीत कंपनीचा दावा येऊन पडला. त्या दोन्हींवर जाहिरातीचं जे काही मिळेल ते आता कंपनीला जाणार.

मी कंपनीचा व्हिडिओ लावला. देवीचा फोटो, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, खाली एक ओळ : 'गीत : पारंपरिक'. आवाज आबांचा. संबळावरचा हात आबांचा. मागं झांज वाजवणारा त्यांचा धाकटा भाऊ. पहिल्या चार टोल्यांत मी ओळखलं, कारण ते टोले पकडायला मला तीन रात्री लागल्या होत्या.

ते साल २००८. दिवसा भारनियमन, म्हणून आम्ही रात्री अकराला बसायचो ते पहाटे चारपर्यंत. भिंतींना वाकळा टांगलेल्या, पंखा बंद. गोंधळी बसून गात नाही. संबळ कमरेला बांधलेलं, माणूस हलतो, पाय आपटतो, गळ्यातल्या कवड्यांच्या माळा खुळखुळतात. पहिल्या रात्री मी आबांना माळा काढायला सांगितल्या. ते म्हणाले, "माळ उतरवून गोंधळ होत नाही. तुझं यंत्र हलव." मी यंत्र हलवलं. संबळाची दोन तोंडं, एक चढं, एक खर्जातलं. चढ्या तोंडाचा टोला इतका धारदार की मीटर लाल पट्ट्यात जायचं, आणि आवाज कमी केला की खर्ज मरायचा. तिसऱ्या रात्री जमलं : चढ्या तोंडाला एसएम५७ माइक दीड वितीवर तिरपा, खर्जासाठी दुसरा माइक गुडघ्याच्या उंचीला, आबांच्या तोंडासमोर तिसरा, आणि झांजवाला दाराबाहेर बोळात, दार अर्धं उघडं. त्या अर्ध्या दारातून झांजेचा छनकार आत येऊन जो विरतो, तसा छनकार मला पुन्हा कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मिळालेला नाही.

आता कंपनीच्या व्हिडिओत तो छनकार पाण्याखालून आल्यासारखा बुळबुळीत येत होता. हे कशानं होतं ते सांगतो. सीडीवर एका सेकंदाला साधारण १४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटची एमपीथ्री केली की अकरातले दहा भाग टाकून द्यावे लागतात. कानाला फारसं कळणार नाही असं बघून टाकतात, पण झांज आणि संबळ या दोन गोष्टी त्या हिशेबात बसत नाहीत. झांज फुटते, आणि टोल्याच्या आधी एक बारीक फुसफुस ऐकू येते, टोला पडण्याआधीच कुणी श्वास सोडल्यासारखी. मी आवाजाचा आलेख काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर काळाकुट्ट अंधार, कात्रीनं कापल्यासारखा सरळ. म्हणजे कंपनीकडं मूळ ट्रॅक नसणार, सीडीही नसणार. त्यांच्याकडं मेमरी कार्डातली फाइल असणार.

मेमरी कार्डाची गोष्ट मला पाठ आहे. सीडी छपाईसकट १९ रुपयांना पडली होती. आबांनी शेरडं विकून हजार प्रती काढल्या. कव्हरवर निर्माता म्हणून त्यांचंच नाव, ४० रुपये किंमत. पहिल्या नवरात्रात ४१२ गेल्या. मग बाजारपेठेत 'गाणी भरून मिळतील'च्या पाट्या लागल्या आणि २०११च्या नवरात्रात १७ सीडी खपल्या, सतरा. लोकांना गाणं फुकट हवं होतं असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. लोक रांगेत उभे राहून ३० रुपये देत होते. आबांच्या कवनांसाठीच देत होते, नाव घेऊन मागायचे. पैसे फक्त आबांच्या खिशात जात नव्हते. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, "मी विकत नाही हो, भरून देतो." त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आबांनाही फार वाटलं नाही. "देवीचं नाव घरोघर गेलं," एवढंच म्हणाले, आणि उरलेल्या सीडींचं खोकं पलंगाखाली सरकवलं.

मला मात्र राग यायचा. तरी एक गोष्ट इथं लिहिली नाही तर मला पुढचं लिहायचा अधिकार नाही. त्या तीन रात्री ज्या सॉफ्टवेअरवर मी आबांचं गाणं घेतलं ते क्रॅक केलेलं होतं. २०१३ साली विकत घेतलं. मधली पाच वर्षं मी त्याच्यावर पोट भरलं, आणि ते लिहिणाऱ्याला एक पैसा दिला नाही.

पण त्या दिवशी मला हादरवलं ते वेगळंच. कंपनीचं दुसरं कवन संपताना मी घड्याळ बघितलं. आपल्या सीडीपेक्षा ३८ सेकंद कमी. शेवटचं कडवंच नाही. आणि शेवटच्या कडव्यात आबांची नाममुद्रा होती. जुने शाहीर घालायचे तशी त्यांनी ती मुद्दाम घातली होती, आपलं नाव आणि गावाचं नाव.

कंपनीनं ती कापली असं आधी वाटलं. मग लेकीनं तिच्या मामाच्या जुन्या फोनमधली फाइल काढली. त्यात शेवटच्या कडव्यावर एका मोबाईल दुकानाची जाहिरात होती, पत्ता आणि दोन नंबर, मोठ्या आवाजात. कार्ड भरणारे तेव्हा असं करायचे, दुसऱ्या दुकानदारानं आपली फाइल ढापू नये म्हणून. कंपनीला अशीच फाइल मिळाली असणार. जाहिरात सुरू होते तिथून त्यांनी शेपूट उडवली. दुकानदारानं आबांच्या नावावर स्वतःचा नंबर बसवला आणि कंपनीनं नंबरासकट नाव काढून टाकलं. दोघांनाही आबा माहीत नव्हते. मग 'पारंपरिक' लिहायला कितीसा वेळ लागतो? आठपैकी तीन कवनं खरंच परंपरेची आहेत. पाच आबांची, आणि हे त्यातलंच.

'पारंपरिक' या शब्दात पैशाचाही हिशेब आहे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो त्यांच्या वारसांना जातो, नाहीतर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत मिळतो. गीतकारच नाही म्हटलं की वाटा कुणाचाच नाही.

लेक आधी एका वकिलाकडं जाऊन आली होती. त्यांनी "तडजोड करा, कशाला नादी लागता" असा सल्ला देऊन फी घेतली. आम्ही दोघं पुरावा शोधायला बसलो. पलंगाखालचं खोकं होतंच, सील न फोडलेल्या सीडींचं. कव्हरच्या मागं बारीक अक्षरात निर्मात्याचं नाव, पत्ता, २००८ हे साल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणं ते छापावं लागतं. तेव्हा मी ते छापखान्याच्या सांगण्यावरून कंटाळत टाईप केलं होतं.

मग माझी जुनी हार्ड डिस्क. तिला जोडायची वायर हल्ली कुणाकडं नसते. दुरुस्तीवाल्याच्या भंगारात सापडली. डिस्क दोनदा टकटक करून थांबली, तिसऱ्यांदा फिरली. सगळे ट्रॅक सुटे-सुटे होते : चढं तोंड, खर्ज, गळा, झांज. चौथा टेक. कवन संपतं, झांज विरते, सात सेकंद काहीच नाही, फक्त लांबून कुत्रं भुंकतं. मग आबा म्हणतात, "दिवटीचं कडवं राहिलं का रे?" आणि माझा आवाज, "आलं आबा, आलं." सीडी करताना मी हे कापलं होतं.

लेकीनं ते तीनदा लावायला सांगितलं. मग वहीत वेळ लिहून घेतली, मिनिट आणि सेकंद.

हरकतीच्या अर्जात आम्ही सीडीचं कव्हर, माझं जुनं बिल, आमच्या नि कंपनीच्या आवाजाचे दोन्ही आलेख आणि हा तुकडा, सगळं नमूद केलं. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. त्यांनी २३व्या दिवशी दावा सोडला. मेलमध्ये एक ओळ, कारण नाही, माफी नाही. कंपनीचा स्वतःचा व्हिडिओ अजून तिथंच आहे, शेवटच्या कडव्याशिवाय, त्याच ओळीसकट. तो उतरवायला वेगळी तक्रार करावी लागते. त्यासाठी लेक सोमवारी येणार आहे.

तोवर मला मूळ ट्रॅकवरून कवन पुन्हा बांधून ठेवायचंय. शेवटचे सात सेकंद आणि आबांचा प्रश्न ठेवा, असं ती म्हणते. मी इतकी वर्षं असलं बोलणं कापत आलो, कारण ते गाणं नसतं. काल रात्री दोन्ही प्रती करून ऐकल्या. कापलेली प्रत स्वच्छ आहे. पण झांज विरल्यावर माझे कान त्या कुत्र्याच्या भुंकण्याची वाट बघत राहतात.